विंडोज कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असलेल्या गोष्टी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात तीन कॉम्प्युटर आहेत आणि गेली काही वर्षं दर शनिवारी दुपारी मी तिथे मदतीला बसते. भरतीचे फॉर्म भरायला आलेली पोरं, पेन्शनचे कागद घेऊन आलेले काका, बचत गटाचा हिशोब करणाऱ्या ताई, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. सगळं विंडोज ११ धरून लिहिलंय, यातलं बरंचसं विंडोज १० वरही चालतं. "विंडोज की" म्हणजे कीबोर्डवर डावीकडे खाली चार चौकोनांचं चिन्ह असलेलं बटण.

वेगळं सॉफ्टवेअर डाउनलोड न करता खरंच कामं होतात का?

घरातली, शाळेतली, फॉर्म भरण्याची बहुतेक कामं होतात. आणि मी यावर एवढा जोर देते त्याचं कारण पैसे वाचतात एवढंच नाहीये. आपली माणसं काय करतात, "फोटो साइझ कमी करा" असं सर्च करतात, जी पहिली वेबसाइट दिसेल तिथे आधार कार्ड, पॅन कार्ड, मार्कशीट, सही सगळं अपलोड करून मोकळी होतात. ती वेबसाइट कुणाची, फाईल कुठे राहिली, कधी डिलीट झाली, काहीच माहीत नसतं. जे काम आपल्याच कॉम्प्युटरवर इंटरनेट बंद ठेवूनही होतं त्यासाठी आधार परक्याच्या हातात कशाला द्यायचं? खाली फोटो आणि पीडीएफचे प्रश्न आहेत ते तरी वाचाच.

मराठी टाइप करायला कुठला फॉन्ट टाकू?

फॉन्ट टाकायची गरजच नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. विंडोजमध्ये निर्मला यूआय हा देवनागरीचा युनिकोड फॉन्ट (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीचा) आधीपासून असतो. तुम्हाला पाहिजे तो कीबोर्ड, आणि तोही आतच आहे, फक्त चालू करायचाय.

विंडोज की + आय दाबा, सेटिंग्ज उघडतं. तिथे टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, मग अॅड अ लँग्वेज, यादीत मराठी शोधा. इन्स्टॉल करताना "डिस्प्ले लँग्वेज करा" अशी टिक असेल तर ती काढा, नाहीतर सगळे मेनू मराठीत होतील. तसं पाहिजे असेल तर ठेवा, पण वाचनालयात एकदा ठेवलं तर पुढच्या माणसाला सेटिंग सापडेना, त्याची चूक नव्हती, सवयच नाही ना. भाषा आली की तिच्यासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा, अॅड अ कीबोर्ड करा आणि मराठी फोनेटिक निवडा. मे २०१९ च्या अपडेटपासून तो विंडोज १० मध्येही आहे. इंग्रजी अक्षरांत "नमस्कार" जसा मोबाइलवर टाइप करता तसाच करा, खाली मराठी शब्द सुचवले जातात, बरोबर असलेला घ्या. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोज की + स्पेसबार.

दुसरा पर्याय इनस्क्रिप्ट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं देवनागरी अक्षर हे ठरलेला कीबोर्ड. पोरं कंटाळा करतात, पण ज्यांना रोज पानंच्या पानं टाइप करायची आहेत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, शाळेच्या ऑफिसात, त्यांनी पंधरा दिवस काढून इनस्क्रिप्ट शिकावाच असं मला मनापासून वाटतं. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, एकदा बोटांना कळलं की शब्द निवडत बसावं लागत नाही. ळ शिफ्ट + एनवर आहे. आणि "दुसऱ्या", "तऱ्हा" यातला अर्धा र येत नाही म्हणून लोक रडकुंडीला येतात, तर शिफ्ट + जे दाबलं की ऱ येतो, मग डी दाबून पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर. झालं.

बोलून मराठी टाइप होतं का?

होतं. आधी विंडोज की + स्पेसबारने मराठी निवडा, जिथे लिहायचंय तिथे क्लिक करा, मग विंडोज की + एच. छोटी माइकची पट्टी येते, बोलायला लागा. याला इंटरनेट लागतं. पंखा लावून, टीव्ही चालू ठेवून बोललात तर शब्द चुकणार, आणि विरामचिन्हं, आडनावं, गावांची नावं नंतर तपासावीच लागतात. पण ज्यांची बोटं चालत नाहीत, हात थरथरतो, त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. एका आजींनी नातवाला पूर्ण पत्र असंच बोलून लिहिलं, मी फक्त शेजारी बसून होते.

माझी मराठी फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की भलतीच अक्षरं दिसतात, असं का?

बहुतेक वेळा ती फाईल जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असते, शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी वगैरे. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्टमुळे फक्त मराठी दिसतात, फॉन्ट नसला की उघडी पडतात. डीटीपीवाल्याकडून मजकूर घेताना "युनिकोडमध्ये द्या" एवढं सांगा. आणि नोटपॅडमध्ये सेव्ह केल्यावर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली असतील तर जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह अॅज करताना एन्कोडिंग एएनएसआय राहिलेलं असणार, तिथे यूटीएफ-८ निवडायचं. नव्या नोटपॅडमध्ये ते आपोआप असतं. प्रश्नचिन्हं झालेला मजकूर मात्र परत येत नाही, म्हणून आधीच बघा.

फॉर्मसाठी फोटो २० ते ५० केबीचा मागतात, तो कसा करायचा?

शनिवारी सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उदाहरण घेऊ, बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतो, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी.

फोटोवर डबल क्लिक केलं की फोटोज अॅप उघडतं. आधी एडिटमध्ये जाऊन क्रॉप करा, चेहरा आणि खांदे येतील असा उभा चौकोन. ही पायरी लोक सोडतात आणि मग थेट २०० बाय २३० टाकतात, मग चेहरा तरी दाबला जातो किंवा ताणला जातो, आणि तसला फोटो हॉल तिकिटावर छापून येतो. क्रॉप करून सेव्ह झालं की वरच्या तीन टिंबांत रिसाइझ इमेज आहे. तिथे पिक्सेल टाका, फाईल टाइप जेपीजी ठेवा आणि क्वालिटीची पट्टी मागेपुढे करा. खाली आत्ताची साइझ आणि नवी साइझ दोन्ही केबीत दिसतात, त्यामुळे अंदाज बांधायची गरज नाही. कधीकधी उलटं होतं, फोटो २० केबीच्या खाली जातो आणि फॉर्म घेत नाही, मग क्वालिटी पूर्ण वाढवायची.

पेंटमध्येही होतं, कंट्रोल + डब्ल्यू दाबा, पिक्सेल निवडा, आकडे टाका, सेव्ह अॅज जेपीजी. क्वालिटीची पट्टी तिथे नसते म्हणून मी फोटोजच सांगते. सहीचं म्हणाल तर पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने मोठी सही करा, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, सावली पडू देऊ नका, मग कागदाच्या कडा क्रॉप करून टाका. मूळ फोटोची एक कॉपी वेगळी ठेवा, पुढच्या फॉर्मला माप वेगळं असतं.

चार फोटोंची एक पीडीएफ करायचीये, कुठलं अॅप घेऊ?

कुठलंच नको. फोटोंना ०१, ०२, ०३ अशी नावं द्या म्हणजे क्रम राहील. सगळे सिलेक्ट करा, पहिल्या फोटोवर राइट क्लिक करा, शो मोअर ऑप्शन्स, मग प्रिंट. प्रिंटरच्या जागी मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडा, "फिट पिक्चर टू फ्रेम"ची टिक काढा नाहीतर कडा कापल्या जातात, प्रिंट दाबा आणि फाईलला नाव द्या. एकच पीडीएफ तयार. हा प्रिंटर २०१५ पासून, म्हणजे विंडोज १० आल्यापासून प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहे, कागद लागत नाही की शाई लागत नाही.

हीच युक्ती उलटीही चालते. चाळीस पानांच्या पीडीएफमधली फक्त ३ ते ५ पानं पाठवायची आहेत? एज ब्राउझरमध्ये ती उघडा, प्रिंट, पानांच्या जागी ३-५ टाका, प्रिंटर तोच पीडीएफवाला. एजमध्ये पीडीएफवर हायलाइट करता येतं, वर टेक्स्ट टाकता येतं, फॉर्मच्या रकाम्या जागाही भरता येतात. दोन वेगळ्या पीडीएफ जोडायची सोय मात्र विंडोजमध्ये नाही, त्यासाठी दुसरं काहीतरी लागतंच.

आधी कॉपी केलेलं परत मिळतं का?

मिळतं! विंडोज की + व्ही. पहिल्या वेळी टर्न ऑन विचारेल, हो म्हणा. तिथून पुढे कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी यादीत राहतात, टेक्स्टही आणि छोटी चित्रंही. फॉर्म भरताना नाव, पत्ता, ईमेल, सीट नंबर परत परत टाकावे लागतात ना, ते एकदा कॉपी करून पिन करा, कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी पिन केलेलं राहतं, बाकीचं जातं.

पण कॅफेत, वाचनालयात, ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर हे वापरलंत तर उठताना क्लिअर ऑल कराच. तुम्ही कॉपी केलेला पासवर्डसुद्धा त्या यादीत उघडा दिसतो. मी एकदा शनिवारी कॉम्प्युटर सुरू केला तर कुणाचातरी बँकेचा पासवर्ड वरच दिसला, पिन करून ठेवलेला, मी लगेच पुसला आणि तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

स्क्रीनशॉट मोबाइलने काढून पाठवते, ते बरोबर आहे ना?

काम होतं पण अक्षरं वाचता येत नाहीत हो ताई, स्क्रीनवर पट्टे येतात. विंडोज की + शिफ्ट + एस दाबा, स्क्रीन धूसर होईल, पाहिजे तेवढा भाग माउसने ओढा. विंडोज ११ मध्ये तो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये आपोआप सेव्हही होतो. त्याच स्निपिंग टूलमध्ये आता स्क्रीनचा व्हिडिओ पण काढता येतो, आमच्या इथल्या एका शिक्षिकेने गणिताचे धडे असेच रेकॉर्ड केले. टेक्स्ट अॅक्शन्स नावाचं बटण आहे, चित्रातली इंग्रजी अक्षरं कॉपी करून देतं, लांबलचक एरर मेसेज किंवा अकाउंट नंबर हाताने लिहायची गरज नाही.

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकताना नंबर झाकायचा असेल तर हायलायटर फिरवू नका, तो पारदर्शक असतो, खालचा आकडा दिसतोच. जाड पेनाने पूर्ण काळं करा किंवा तो भाग क्रॉपच करून टाका.

कॅल्क्युलेटरमध्ये बेरीज-वजाबाकीशिवाय काय आहे?

डावीकडच्या तीन रेघांवर कधी क्लिकच केलं नाही ना? तिथे डेट कॅल्क्युलेशन आहे. भरतीच्या जाहिरातीत "अमुक तारखेला वय इतकं" असं असतं, जन्मतारीख आणि ती तारीख टाका, वर्षं, महिने, आठवडे, दिवस सगळं येतं. बोटांवर मोजून एका मुलाने वय चुकवलं होतं आणि अर्ज भरायचाच राहिला, म्हणून हे आवर्जून सांगते.

शेतकऱ्यांसाठी एरियाचा कन्व्हर्टर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं आणि आपण बोलतो एकर-गुंठ्यात. कन्व्हर्टर हेक्टरचे एकर करतो, एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. गुंठा त्यात नाही, तो आपण करायचा, एकराला ४० ने गुणायचं. एक गुंठा १०८९ चौरस फूट, आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा त्यापेक्षा किंचित मोठा, साधारण १०१. लोक आर आणि गुंठा एकच धरतात, घराच्या प्लॉटला फारसं जाणवत नाही पण दहा एकरात जवळजवळ पाच गुंठ्यांचा फरक पडतो.

नोटपॅड कोण वापरतं आता?

मी वापरते, रोज. एक जुनी सोय सांगते. नवी नोटपॅड फाईल घ्या, पहिल्या ओळीत टिंब देऊन पुढे इंग्रजी कॅपिटल अक्षरांत "लॉग" लिहा, सेव्ह करा. आता ती फाईल जेव्हा जेव्हा उघडाल तेव्हा खाली त्या दिवसाची तारीख आणि वेळ आपोआप पडते. दुधाचा हिशोब, औषधाच्या वेळा, कामगारांची हजेरी, कशालाही चालतं. मधेच तारीख पाहिजे तर एफ ५. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये टॅब आहेत आणि लाइट गेली तरी न सेव्ह केलेलं बरंचसं परत मिळतं. वर्डपॅड मात्र शोधू नका, २०२४ च्या मोठ्या अपडेटमध्ये तो काढून टाकलाय.

कॉम्प्युटर फार स्लो झालाय, क्लीनर सॉफ्टवेअर टाकू का?

नका टाकू. ती सॉफ्टवेअर स्वतःच सुरुवातीला चालू होऊन आणखी वेळ खातात. आधी रीस्टार्ट करा, आणि शटडाउन नव्हे हं, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन केलं की विंडोजचा आतला भाग झोपवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच उठवला जातो, जुनी गडबड तशीच राहते, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. काकांना हे पटत नाही, ते म्हणतात रोज रात्री बंद करतोच की, पण करून बघा.

मग कंट्रोल + शिफ्ट + एस्केप, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात स्टार्टअप अॅप्स. जे जे कॉम्प्युटरबरोबर उठायची गरज नाही ते डिसेबल करा, याने सॉफ्टवेअर डिलीट होत नाही, फक्त आपण उघडू तेव्हाच उघडतं. डिस्क भरली असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. तिथे स्टोरेज सेन्स चालू करा. डाउनलोड्स फोल्डर तो आपणहून साफ करत नाही, तो तुम्हीच बघायचा, एकच फॉर्म नऊ वेळा डाउनलोड केलेला सापडतो. एवढं करूनही हलत नसेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, तो खर्च खरंच सार्थकी लागतो.

अँटीव्हायरस विकत घ्यायचा का?

घरगुती वापराला विंडोज सिक्युरिटी पुरतं, ते आत असतंच आणि आपोआप अपडेट होतं. दुसरा टाकलात की हा बाजूला होतो, दोन्ही एकत्र राखण करत नाहीत. ब्राउझरमध्ये लाल स्क्रीन, कर्कश आवाज आणि "या नंबरवर फोन करा" असं आलं तर तो फ्रॉड आहे, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ऑल्ट + एफ ४ दाबा, नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

अक्षरं बारीक दिसतात, चष्मा बदलू का?

डोळे तपासून घ्याच, पण सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी, टेक्स्ट साइझ, तिथे अक्षरं २२५ टक्क्यांपर्यंत मोठी होतात. तात्पुरतं पाहिजे तर विंडोज की आणि अधिकचं चिन्ह, भिंग येतं, बंद करायला विंडोज की + एस्केप. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना, आणि इंग्रजी लेक्चर ऐकताना शब्द निसटतात अशा पोरांनाही, विंडोज की + कंट्रोल + एल. कुठलाही व्हिडिओ लावा, बोललेलं इंग्रजी वर पट्टीत लिहून येतं. हे फक्त विंडोज ११ वर.

वनड्राइव्हमधून फाईल डिलीट केली तर डेस्कटॉपवरूनही गेली!

घाबरू नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या फाईल ठेवायच्या जागेला, जोडलेले असतात, म्हणजे दोन कॉपी नसून एकच फाईल दोन ठिकाणी दिसते. फुकटची जागा ५ जीबी, ती भरली की लोक साफसफाई करायला जातात आणि हे होतं. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रिसायकल बिन आहे, तिथे ३० दिवस फाईल राहते, लगेच रिस्टोअर करा. जोडणी नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज बॅकअप, तिथे ते फोल्डर बंद करा.

विंडोज १० वर राहिलो तर चालेल का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. कॉम्प्युटर चालू राहतो, पण सुरक्षेचे अपडेट नेहमीसारखे येत नाहीत. घरगुती वापरासाठी वाढीव अपडेटची नोंदणी आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (कॉम्प्युटरच्या आतली सुरक्षेची चिप) लागतो, आणि बरेच जुने कॉम्प्युटर या टीपीएमवर अडतात. बँकेचं काम त्या कॉम्प्युटरवर करत असाल तर टाळाटाळ करू नका.

मी पुण्यात, आईबाबा गावी, फोनवर समजावून दोघंही दमतो. काय करू?

क्विक असिस्ट. दोन्हीकडे विंडोज की + कंट्रोल + क्यू दाबायचं. मदत करणारा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करतो, त्याला एक कोड मिळतो, तो फोनवर आईला सांगायचा, आईने टाकायचा आणि परवानगी द्यायची, की तिची स्क्रीन तुम्हाला दिसते. माउस चालवायचा असेल तर वेगळी परवानगी मागावी लागते. कोड दहा मिनिटांत बाद होतो म्हणून आधी फोन लावून मगच काढा. परदेशात असलात तरी चालतं.

पण नेमकं हेच अॅप वापरून चोरही लुटतात, "बँकेतून बोलतोय, कोड टाका" म्हणतात. घरी एकच नियम ठेवा, आपण फोन केला नसेल आणि समोरचा माणूस आवाजाने ओळखीचा नसेल तर कोड टाकायचा नाही. चुकून टाकलाच तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. माझ्या आईने कॉम्प्युटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीये, "कोड फक्त लेकीचा". मी फोन केला तरी ती आधी दोन वाक्यं बोलायला लावते, मगच कोड टाकते.